रकून आणि बळे

पाच डझनांची हापूसची पेटी काल पुण्याला रवाना झाली. पहिल्या तोडीची. घरात अजून कुणी एक फोडही चाखलेली नाही. बायको विचारतेय, पैज लागली होती तरी कशावर? आता पन्नाशी उलटलेल्या माणसाने "एका अमेरिकन जनावरावर" हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तर उबुंटू. माझा म्हातारा कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, तेव्हा पुतण्याने त्यात ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम घालून त्याला उठवून बसवला. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, आणि प्रत्येकीचं बारसं होतं. आधी विशेषण, मग प्राणी, दोन्ही एकाच अक्षराचे. २००४ साली पहिली आली ती वॉर्टी वॉर्टहॉग, म्हणजे चामखिळीवालं रानडुक्कर. आमच्याकडे रानडुकराला पाळण्यात घालत नाहीत, रात्री डबे बडवून शेतातून हाकलतात. ९.०४, म्हणजे २००९ च्या एप्रिलातली आवृत्ती, तिच्या नावात तर जॅकलोप, शिंगं असलेला ससा! आपले शास्त्रीबुवा जे जगात नाहीच त्याला सशाचं शिंग म्हणत आले, आणि ह्यांनी ते घरोघरच्या मशीनवर चढवून दिलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वेस्टिंग क्वोका आला. इंग्रजी अक्षरं क्रमाने पुढे सरकतात; क्यू झाला, पुढे आर. पुतण्याने पैज टाकली: आरवरून येणारं नाव मी ओळखायचं, चुकलो तर हापूसची पेटी त्याची.

रकून माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आला होता. हरलेला प्रत्येक जण असंच म्हणतो, ठाऊक आहे. पण माझ्याकडे साक्षीदार आहे.

आमच्या घरात मोबाईलची रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. म्हणून मी मालवणच्या मासळी बाजारात उभा राहून पुतण्याशी बोलत होतो. तो म्हणाला, "काका, रकून नाही येणार. मागच्या फेरीत, १३.०४ ला, रिंगटेल होता. रकूनच्याच कुळातला. परत तेच घराणं कशाला घेतील?" मी म्हटलं, "बघतो, तासाभरात कळवतो." आणि फोन ठेवून स्वतःशीच "र... र..." करत राहिलो.

समोर टोपलीमागे बसलेल्या मावशी बराच वेळ ऐकत होत्या.

"घरात बारसा आसा काय भाऊ?"

मी नको तिथे मान हलवली.

"र म्हणजे तूळ रास. रवींद्र ठेवा, राजेश ठेवा. झील की चेडू?"

"तसं नाही हो, प्राण्याचं नाव हवंय."

त्यांनी हातातली कोयती खाली ठेवली. "पोराक जनावराचा नाव?"

मला तिथेच विषय तोडता आला असता. पण आपल्याला समजावून सांगायची खोड. मी म्हटलं, "रकून म्हणून असतो एक. डोळ्यांभोवती काळी पट्टी, रात्री चोऱ्या करतो, खाणं पाण्यात बुचकळून खातो."

"म्हंजे मांजार."

"मांजर नव्हे."

"रात्री येता, चोरी करता. मांजारच मां ता! माजी तारली रोज पळवता. फक्त तुमचा मांजार सोवळ्यातला." मग शेजारणीला हाक गेली. "आयकलस? नातवाचा नाव चोर मांजार ठेवतत!"

शेजारीण हसली, तिच्या पलीकडची हसली, बर्फ फोडणारा पोरगाही हसला. माझे कान तापले. अशा वेळी माणूस दिसेल त्याला धरतो. मला मावशींच्या टोपलीतले बळे दिसले. चांदीच्या पट्ट्या एकावर एक रचल्यासारखे, शेपट्या टोपलीबाहेर लोंबतायत, खवला एक नाही. इंग्रजीत रिबनफिश. आर! मी तिथूनच पुतण्याला कळवलं: रिझोल्यूट रिबनफिश. आणि लाजेपोटी किलोभर बळे घेतले, जे आमच्या घरी कुणी खात नाही.

नाव जाहीर झालं ते रिझोल्यूट रकून.

विशेषण बरोबर होतं! शब्दकोशात अर्धी रात्र घालवून काढलेलं. मी म्हटलं, अर्धी पेटी तरी सोड. पुतण्या म्हणाला, "काका, लग्नात नवरी चुकली आणि मांडव बरोबर असला तर चालतं का?" पुण्यात राहून पोरं अशी बोलायला शिकतात.

खरं खुपतं ते वेगळंच. एकदा, २०१२ च्या एप्रिलात, १२.०४ ला आमचं जनावर मिळालं होतं. प्रिसाइज पँगोलिन, म्हणजे खवले मांजर. चिपळूणपासून खाली कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो ओळखतो. संकट आलं की चेंडूसारखं गुंडाळून घेणारा भित्रा जीव, आणि खवल्यांसाठी चोरून मारतात त्याला. तेव्हा माझ्या घरी उबुंटू नव्हतं. आता आहे, तर रोज सकाळी चालू करून त्या काळ्या पट्टीवाल्याचं नाव घ्यायचं, ज्याला मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि वर त्याच्यापायी आंबेही द्यायचे.

पेटी पाठवून परतताना बाजारावरूनच यावं लागलं. मी मान खाली घालून निघालो होतो.

"भाऊ! बारसा झाला? काय नाव ठेवलास शेवटी?"

"रकून."

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग टोपलीतल्या दोन मोठे बांगडे उचलून पिशवीत टाकल्या, पैसे घेतले नाहीत.

"आसूं दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोर बरा आसा मां?"