राणीच्या बागेत प्राण्यांपलीकडेही पाहा

भायखळ्याच्या राणीच्या बागेतून परतणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या बोलण्यात पेंग्विन आणि वाघ असतात, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण मुलांचा हट्ट त्यासाठीच असतो. परंतु ही बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हे मुळात वनस्पतिउद्यान आहे आणि त्याला लागूनच असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय वगळून ते पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे होय, असे माझे ठाम मत आहे. मुंबई बंदराने या शहराला काय काय आणून दिले, हे एकाच फेरीत इतके स्पष्ट दिसेल अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

बाग १८६२ साली खुली झाली आणि त्याच वर्षी संग्रहालयाची पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते, तो हा काळ. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांच्यासारख्या मंडळींनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी उभी केली. पण युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला, काम रखडले आणि संग्रहालयाचे दरवाजे उघडायला १८७२ उजाडले. अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास करणाऱ्या भाऊ दाजींचे नाव मात्र त्याला १९७५ मध्ये मिळाले. आतले नक्षीदार लोखंडी खांब, सोनेरी मुलामा आणि वरच्या मजल्यावरची जुन्या मुंबईची दालने निवांतपणे पाहावीत. कारागिरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींपाशी तर मुलेही रमतात.

संग्रहालयाजवळ उभा असलेला दगडी हत्ती मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. जवळून पाहिल्यास अंगावरचे सांधे ओळखू येतात. इथे मुलांना थांबवून ही हकिकत अवश्य सांगावी.

काळा घोडा या परिसराला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच बागेत आहे, हे अनेक मुंबईकरांना माहीत नसते.

आता झाडांविषयी. आफ्रिकेतील गोरखचिंच, ब्रह्मदेशातील उर्वशी, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती अशी दूरदेशीची झाडे इथे एकाच आवारात वाढली आहेत. कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडातून लोंबणाऱ्या देठांवर येतात. फूल हातात घेतले तर मध्यभागी पिंडीसारखा भाग आणि त्यावर फण्यासारखी वळलेली केसरांची झालर दिसते. उर्वशीची कोवळी पाने सुरुवातीला तांबूस आणि मलूल लोंबत असतात, ती नंतर हिरवी होऊन ताठ होतात. हे पाहायला सवड लागते, आणि प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे धावणाऱ्या गर्दीला ती मिळत नाही.

म्हणूनच बागेत नवे काही बांधण्याचा विचार होईल तेव्हा पहिला हक्क या जुन्या झाडांचा मानला जावा. त्यांच्या मुळांभोवतीची माती फरशीने झाकू नये आणि प्रत्येक झाडापाशी त्याचे मराठी नाव, मूळ प्रदेश व फुलण्याचा हंगाम सांगणारा ठळक फलक असावा. शाळांच्या सहलींनीही संग्रहालय आणि झाडे यांसाठी सकाळचा वेळ राखून ठेवावा आणि प्राणी त्यानंतर पाहावेत. उन्हे चढल्यावर मुले दमतात आणि मग कोणतीही माहिती त्यांच्या कानावरून जाते. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, तेवढे लक्षात ठेवून बेत आखावा.