‘तंत्र पक्कं असेल तर मास्क लागत नाही’ या मेसेजला उत्तर

शालेय स्पर्धांचा मोसम आला की क्रीडाशिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. सॉफ्टबॉलमध्ये इनफिल्डला, म्हणजे बॅटरच्या जवळ बेसच्या आसपास, खेळणाऱ्या मुलींनी तोंडावर जाळीचा मास्क घालणं हे अमेरिकेचं फॅड आहे. तंत्र पक्कं असेल तर चेहऱ्याला बॉल लागतच नाही. मास्कमुळे मुली भित्र्या होतात, निष्काळजीही होतात. बॉल नीट दिसत नाही. आधीच्या मुली मास्कशिवायच नॅशनल खेळून आल्या. शिवाय मेंदूला मार बसायचा तो बसतोच, मग एवढा खर्च कशाला?

मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. हा मेसेज वाचून पालकांनी मुलीचा मास्क घरी ठेवून घेतल्याचं मी पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तंत्राचा मुद्दा, कारण तो सगळ्यांना पटकन पटतो. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटत येणारा बॉल, घ्यायला आपण काय शिकवतो? गुडघे वाकव, कंबर खाली, ग्लोव्ह जमिनीला टेकव, दुसरा हात ग्लोव्हजवळ ठेव आणि बॉल ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत त्याच्यावरून नजर काढू नकोस. हे सगळं तंतोतंत केलं की चेहरा कुठे येतो? थेट ग्लोव्हच्या वर, बॉलच्या रेषेत. मान फिरवणाऱ्या मुलीचा बॉल सुटतो म्हणून आपण तिला रागावतो आणि चेहरा पुन्हा त्याच रेषेत आणायला लावतो. म्हणजे मुलगी जितकी चांगली शिकेल, तितका तिचा चेहरा बॉलच्या वाटेत येणार. तंत्राने बॉल अडतो. उसळलेल्या बॉलपासून चेहरा वाचवणं हे तंत्राचं काम नाही.

आणि आपल्या मैदानांवर बॉल उसळतोच. बहुतेक शाळांचं मैदान मुरमाचं. पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि बारीक खडे उघडे पडतात. धावणाऱ्यांच्या पायांनी बेसच्या आसपास खळगे होतात, ते भरायला कुणाला वेळ नसतो. ताशी ७० किलोमीटरने सरपटत येणारा बॉल ग्लोव्हच्या दीड मीटर अलीकडे खड्यावर बसला, तर चेहऱ्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. डोळ्यांनी बघून हात हलायला सुरुवात व्हायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात. जगातली कुठलीही शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) यात काही करू शकत नाही.

एका जिल्हास्तरीय सामन्यात माझ्या शॉर्टस्टॉपच्या बाबतीत नेमकं हेच झालं. साधा ग्राउंडर होता. तिची बैठक इतकी अचूक होती की तिचा फोटो नव्या मुलींना दाखवावा. बॉल खड्यावर बसला, ग्लोव्हच्या वरच्या कडेला घासून डाव्या गालावर आदळला आणि गालाचं हाड मोडलं. मेसेज लिहिणाऱ्यांनी या मुलीचं तंत्र कुठे कमी पडलं ते सांगावं.

आता लाइन ड्राइव्ह, म्हणजे बॅटवरून हवेतून सरळ येणारा जोरदार बॉल. बंटच्या (बॅट न फिरवता हळूच ढकललेल्या बॉलच्या) अपेक्षेने पुढे आलेली थर्ड बेसची मुलगी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, १२ मीटरवर उभी असते. ताशी ९० किलोमीटरने निघालेला बॉल तिच्यापर्यंत ०.४८ सेकंदात पोचतो. पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्या मुलीची, अवस्था याहून बिकट. महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असतं, पण बॉल सोडताना तिने मोठं पाऊल पुढे टाकलेलं असतं आणि फॉलो-थ्रूमध्ये अंग अजून सावरलेलं नसतं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये थर्ड बेसला उभा असलेला पुरुष खेळाडू २५ मीटरवर असेल, तर ताशी १४० किलोमीटरने आलेल्या बॉलसाठीही त्याला ०.६५ सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. आपल्या मुलींना त्याच्याहून कमी वेळ मिळतो. बॉलही हलका नाही. १२ इंच घेराचा सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, पुरुषांच्या क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा.

‘तंत्र पक्कं असेल तर’ यातल्या त्या ‘तर’कडेही बघा. आपल्याकडे कितीतरी मुली स्पर्धेच्या जेमतेम महिनाभर आधी संघात येतात. कुणी संघ पूर्ण व्हावा म्हणून, कुणी दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी. यात त्यांचं काही चुकत नाही. पण त्यांचं तंत्र पक्कं व्हायचं असतं आणि स्लगर (सॉफ्टबॉलची बॅट) घेऊन समोर उभी असलेली मुलगी राज्य स्पर्धा खेळून आलेली असू शकते.

दाताबद्दल जरा थांबून बोलते, कारण ‘लागलं तर बरं होतं’ हे वाक्य मी फार ऐकते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा पुढचा पक्का दात गेला तर तिला लगेच इम्प्लांट बसवता येत नाही. जबडा वाढत असतो, ती वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर काढता-घालता येणारा दात किंवा अशीच काही तात्पुरती सोय, दर काही महिन्यांनी दवाखाना आणि शाळेतली सगळी वर्षं तोंडावर हात धरून हसणं. (दात मुळासकट निघाला तर तो मुळाला न धरता उचला, दुधात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ हवी.) डोळ्याचं तर बोलायलाच नको. भारताच्या सबा करीमची एकदिवसीय कारकीर्द २००० साली ढाक्यात यष्टिरक्षण करताना डोळ्याला बॉल लागून संपली, दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द २०१२ मध्ये डोळ्यावर स्टंपवरची बेल उडून. दोघेही कसलेले यष्टिरक्षक होते.

मास्कमुळे मुली भित्र्या होतात आणि निष्काळजीही होतात, हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये कसं बसतं ते मला कळत नाही. माझ्या मैदानावर उलटंच दिसतं. एकदा तोंडावर बॉल बसलेली मुलगी पुढच्या ग्राउंडरला मान वळवते, मास्क चढवला की तीच पुन्हा बॉलमागे झुकते. निष्काळजीपणाचा आरोप मात्र गंभीर आहे आणि तो तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या शालेय फिल्ड हॉकीत २०११ पासून डोळ्यांचं संरक्षण सक्तीचं झालं. तेव्हाही हीच भीती होती, की मुली आडदांड खेळतील आणि डोक्याच्या दुखापती वाढतील. सक्तीनंतरच्या अभ्यासात डोळ्यांच्या दुखापती स्पष्टपणे कमी झालेल्या दिसल्या आणि मेंदूच्या धक्क्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आपल्या हॉकीतही पेनल्टी कॉर्नरला बचावपटू मास्क चढवून उभे राहतात. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही.

बॉल दिसत नाही, या तक्रारीत थोडं तथ्य आहे. पहिले काही दिवस उंच उडालेला बॉल घेताना अडचण होते. पण इनफिल्डच्या मास्कच्या सळ्या बारीक असतात आणि डोळ्यांच्या इतक्या जवळ, की नजर लांब बॉलवर असताना त्या जवळपास विरून जातात. एका डोळ्याला जे झाकलं जातं ते दुसऱ्याला दिसत असतं. खरा त्रास होतो तो सैल मास्कचा, जो धावताना खाली घसरतो. कॅचरचा (बॅटरच्या मागे बसणारीचा) मास्क घालून कुणाला शॉर्टस्टॉपला उभं करू नका, तो जड असतो आणि बाजूचं कमी दिसतं.

‘आधीच्या मुली मास्कशिवाय खेळल्या’ हे खरंच आहे. ज्यांचे दात पडले, ज्यांनी खेळ सोडला, त्या मात्र हे सांगायला ग्रुपवर येत नाहीत. यावर कुणीतरी हमखास सुनील गावसकरांचं उदाहरण देतं. त्यांनीही कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली फायबरग्लासचं कवच वापरलं होतं. आणि भारताकडून खेळलेले फलंदाज रमण लांबा? १९९८ मध्ये ढाक्यातल्या क्लब सामन्यात ते हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभे राहिले, डोक्याला बॉल लागला आणि तीन दिवसांत गेले. अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता.

फॅडबद्दल एवढंच: अमेरिकेत शालेय सॉफ्टबॉलच्या बॅटरला जाळीचं हेल्मेट २००६ पासून सक्तीचं आहे. फिल्डरला तशी देशभर सक्ती नाही. तरी तिथल्या महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे कॉलेज सॉफ्टबॉलच्या अंतिम टप्प्यातल्या स्पर्धेचा, कुठलाही सामना लावा, देशातल्या सर्वोत्तम इनफिल्डर मास्क घालून खेळताना दिसतील. त्यांचं तंत्र कच्चं आहे, असं कोण म्हणेल?

मास्क मेंदूचं रक्षण करत नाही, हा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. तो कपाळ, डोळे, नाक, गाल, दात आणि जबडा यांच्यासाठी आहे. डोक्याला बॉल लागून मुलगी गोंधळली, तिला मळमळलं, चक्कर आली, तर मास्क होता म्हणून तिला पुन्हा खेळवू नका. त्या दिवशीचा खेळ तिच्यासाठी संपला, थेट डॉक्टर. पण जे वाचतं तेही वाचवायचं नाही, हा कुठला हिशेब?

खर्च शाळेला खरंच जड जातो. सगळ्यांसाठी जमत नसेल तर पिचर, थर्ड बेस आणि फर्स्ट बेसपासून सुरुवात करा, मग शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस. मास्क शाळेच्या किटमध्येच ठेवा, म्हणजे मुली बदलल्या तरी कामाला येतील. खेळाच्या नियमांत फिल्डरने मास्क घालायला मनाई नाही. सामन्याआधी पंचांना दाखवून घेतला की वाद होत नाही.

घेताना मुलीला सोबत न्या. मास्क घालून तिला खाली वाकायला, वर बघायला आणि जोरात मान हलवायला लावा. कपाळ आणि हनुवटीवरचा फोम नीट टेकला पाहिजे आणि सळ्या नाकापासून सुट्या राहिल्या पाहिजेत. चष्मा असेल तर तो घालूनच बघा, आणि काचा पॉलीकार्बोनेटच्या करून घ्या. चकचकीत सळ्यांपेक्षा काळ्या, मॅट सळ्या उन्हात बऱ्या. फोम तडकला किंवा सळई वाकली तर ठोकून सरळ करू नका, तो मास्क बाद करा. आणि आपल्या मुलींच्या दोन वेण्या वर बांधलेल्या असतात, त्यावर मागचा पट्टा चढला की मास्क डोळ्यांवर येतो. सामन्याच्या दिवशी एकच वेणी खाली घाला आणि पट्टा तिच्या वरून डोक्याच्या फुगीर भागाखाली बसवा.