ब्लॅकपूलचा टॉवर जळालेला नाही

इंग्लंडच्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या पर्यटन गावाचा एक जुना व्हिडिओ ग्रुपांवर फिरतोय. टॉवरच्या टोकाशी ज्वाळांसारखं काहीतरी दिसतं आणि खाली मजकूर: "टॉवर खाक, गाव कायमचं ओसाड."

व्हिडिओ २८ डिसेंबर २०२३ चा. अग्निशमन दलाचे जवान वर चढले तेव्हा आग नव्हतीच. नारिंगी जाळी वाऱ्यात फडफडत होती. लँकेशायर पोलिसांनी तसं जाहीरही केलं. खालून बघणारा कुणीही फसला असता. टॉवरची बॉलरूम, म्हणजे नाचाचं दालन, खरोखर जळाली होती ती १९५६ मध्ये, आणि १९५८ ला ती पुन्हा उघडली.

"ओसाड"बद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. १८४६ ला रेल्वे आली आणि पुढे गिरणी कामगारांची इथे रीघ लागली. एकेका गावच्या गिरण्या आठवडाभर बंद ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून समुद्र गाठायचा, अशी पद्धतच होती. मग गिरण्या मिटल्या, स्पेनच्या सहली स्वस्त झाल्या. रिकाम्या पडलेल्या लॉजांमधल्या कितीतरी स्वस्त भाड्याच्या खोल्या झाल्या. २०१९ च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ ब्लॅकपूलच्या होत्या. हलाखी खरी आहे, पण गाव चालू आहे: पर्यटक आजही लाखोंनी येतात, शरद ऋतूत रोषणाई होते, टॉवर २०१० पासून कौन्सिलच्या मालकीचा आहे.

तो व्हिडिओ कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.