अर्धे शेतकरी गेले कुठे?

हो, रिस्टार्ट करून पाहिलं. हो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फॉन्टही बदलला. आता कृपा करून माझा प्रश्न वाचाल का, की तेवढं सोडून बाकी सगळं कराल?

प्रश्न साधा होता. शेतीवरच्या लेखांचं जाडजूड पुस्तक, लेखक अनेक, प्रत्येकाने आपापल्या संगणकावर टाइप करून पाठवलेलं. शेवटी शब्दसूची द्यायची म्हणून मी शोधायला ‘शेतकऱ्यांना’ टाकलं. काही पानांवर सापडलं, काही पानांवर नाही. जिथे सापडलं नाही तिथेही शब्द तोच, फॉन्ट तोच, शुद्धलेखन बरोबर. मला डोळ्यांनी दिसतंय आणि मशीन म्हणतंय, नाही. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘अधिकाऱ्यांनी’, सगळ्यांचं तेच. नुसतं ‘शेतकरी’ टाकलं की मात्र झाडून सगळे हजर. म्हणजे गोची त्या ‘ऱ्य’मध्येच आहे, हेसुद्धा मी लिहिलं होतं. स्क्रीनशॉट जोडले, व्हर्जन दिलं, काय काय करून झालंय तेही दिलं. कॉलेजात जर्नलसुद्धा इतकं मन लावून लिहिलं नव्हतं.

सुरुवात सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइनपासून केली. पैसे मोजतो, हक्क आहे. आधी चॅटवरचं यंत्र दिलगीर झालं. मग माणूस आला, तोही दिलगीर झाला आणि त्याने कॅशे साफ करायच्या पायऱ्या चिकटवल्या. त्या मी केल्या होत्या आणि केल्याचं वर लिहिलंही होतं. दुसऱ्या दिवशी मेल आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती स्टार द्याल? अरे सोडवली कोणी? कधी?

मग डीटीपीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे ‘माझंपण सेम’ अशी रांग लागली. त्यावर अंगठे. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि माझा प्रश्न त्या केकाखाली गाडला गेला. रात्री एक दादा अवतरले : ‘फॉन्ट करप्ट असेल. सगळं कृतिदेवमध्ये परत टाइप करून घ्या.’ सगळं! अख्खं पुस्तक! युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या सामाईक पद्धतीत, देवनागरी १९९१ सालापासून आहे हो, आणि हे मला परत त्या जुन्या फॉन्टांच्या खड्ड्यात ढकलतायत, जिथे फॉन्ट नसला की मजकुराचा नुसता शिमगा होतो.

हिंदीवाल्यांकडे विचारलं तर त्यांनी माझंच व्याकरण तपासलं. ‘भाईसाहब, ये टाइपिंग की गलती है, र्य लिखिए.’ गलती? अहो, आचार्यांना पंगतीला बसवलं आणि आचाऱ्यांना पंगतीला बसवलं, यात फरक आहे की नाही? दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. तुमच्या हिंदीत हे जोडाक्षर लागत नाही, ठीक आहे. पण म्हणून आमचं चुकीचं?

इंग्रजी फोरमवर विचारावं तर तिथले पंडित उलट प्रश्न करतात : ‘मुळात तुम्हाला हे करायचंच कशाला आहे?’ पुस्तकाला सूची कशाला असते, हे आता मी समजावत बसू? आणि दुसऱ्याने तर ‘हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे’ म्हणून शिक्का मारून कुलूपच लावलं. तो आधीचा प्रश्न उघडून पाहिला. हिंदी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात, असा होता. चौकोन! माझ्याकडे एक तरी चौकोन आहे का?

पण खरं डोकं फिरवलं ते पुढच्या जमातीने. ‘हाच प्रश्न तुम्ही तिकडेही टाकलाय ना? एकाच ठिकाणी विचारायची शिस्त पाळा.’ मी तर प्रामाणिकपणे सगळीकडे लिहिलं होतं की अमुक ठिकाणीही विचारलंय, ही लिंक. त्याचंच हत्यार केलं. यांना हा नियम आला कुठून ते तरी माहीत आहे का? १९८० साली सुरू झालेल्या यूझनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, एकच संदेश एकाच वेळी अनेक गटांना पाठवता यायचा. प्रत सर्व्हरवर एकच राहायची, कोणी उत्तर दिलं की एरवी ते सगळ्या गटांत दिसायचं. एवढी सोय असताना तोच मजकूर सुटा सुटा टाकत हिंडणाऱ्याला लोक ओरडायचे, आणि बरोबरच ओरडायचे. आज ती सोय आहे कुठे? व्हॉट्सॲप ग्रुपवरचं उत्तर हेल्पलाइनवाल्याला दिसतं? सोय गेली, ओरडणं तेवढं शिल्लक राहिलं. आणि एका ठिकाणी विचारून तुम्ही उत्तर दिलं असतंत, तर मला काय दारोदार फिरायची हौस होती?

एक जुना प्रश्नही सापडला. हुबेहूब माझाच. काळीज धडधडलं. खाली खाली गेलो तर विचारणाऱ्याचीच शेवटची ओळ : ‘झालं, थँक्स ऑल.’ बस. काय झालं, कसं झालं, काही नाही. या माणसाच्या सूचीतले सगळे शब्द आडवे-तिडवे होवोत.

शेवटी सांगितलं कोणी? एका नेपाळी गृहस्थाने. त्यांच्या ‘गर्‍यो’लाही हाच रोग. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला ऱ, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, त्याचा पाय मोडून पुढे य. दोन, साधा र, पाय मोडायचा, मग एक न दिसणारा जोडक, त्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत पार निराळे. युनिकोडची शिफारस पहिल्याची, दुसरा जुन्या मजकुरासाठी चालवून घेतलेला. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करायची युनिकोडची ठरलेली प्रक्रिया, केलं तरी हे दोघे एक होत नाहीत. एकदा फाइंड-रिप्लेस करून दुसऱ्याचा पहिला केला की काम फत्ते. हे युनिकोडच्या मानकात छापलेलं आहे! आणि मराठी चालतं म्हणून सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या हेल्पलाइनला ते ठाऊक नाही.

उत्तर मिळालं तसं मी जिथे जिथे विचारलं होतं तिथे तिथे नेऊन टाकलं. कुलूप लावलेल्या ठिकाणी टाकताच येत नाही, तिथे तो चौकोनांचाच प्रश्न आदर्श म्हणून विराजमान आहे. हेल्पलाइनने माझ्या मेलवर नवी तक्रार नोंदवून घेतली आणि दिलगीर झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं सविस्तर, उदाहरणांसकट लिहिलं. दोन अंगठे आले. मग दादांनी विचारलं, ‘पण फॉन्ट कोणता?’