७९९ रुपयांत ‘आजन्म’ विंडोज

रविवारी सकाळी साडेसातला मामाचा फोन. भोसरीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, ऑफिसात चार पीसी. “अगं, आपलं विंडोज रद्द झालंय म्हणे. चार की, म्हणजे विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायचे कोड, मागवतोय, ७९९ला एक. चालेल ना?” मागोमाग तो फॉरवर्ड आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग आईच्या भिशीच्या ग्रुपवर मी तो वाचला होता आणि दोन्हीदा गप्प बसले होते.

त्यात म्हटलंय: १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं लायसन्स संपलं, पीसी कधीही लॉक होईल. ऑफिस आता फक्त वर्षाच्या वर्गणीवर मिळतं. टॅलीची वर्गणी थकली तर हिशेब उघडणार नाहीत. विंडोज १०ला वर्षभर फुकट अपडेट आहेत, पण ‘ते सांगत नाहीत’. (लॉकही होणार आणि अपडेटही मिळणार!) आणि उपाय: ‘एंटरप्राइझ लाइफटाइम की, सपोर्टसकट, फक्त ७९९’.

मायक्रोसॉफ्टच्या लाइफसायकल पानावर त्या तारखेसमोर लिहिलंय ते सपोर्ट संपल्याचं. सुरक्षेचे मासिक पॅच, म्हणजे दुरुस्त्या, बंद, मदत बंद. लायसन्स जागेवर आहे. वॉरंटी संपली म्हणून कोणी तुमची स्कूटर उचलून नेतं का? धोका आहे, पण तो वेगळा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण पसरलं तेव्हा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी लावला नाही ते अडकले. आता आपसूक लावायलाच काही येणार नाही.

ऑफिस २०१६ आणि २०१९चा सपोर्टही त्याच दिवशी संपला, हे खरं. पण एकरकमी ऑफिस २०२४ विकत मिळतं. धंद्यासाठी ‘होम अँड बिझनेस’ घ्यायचं. टॅलीचं कायमस्वरूपी लायसन्स कायमच राहतं. टीएसएस, म्हणजे टॅलीची अपडेटची वर्गणी, थकली तर नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, जुने हिशेब उघडतात. पुढे.

फुकट वर्षाचं म्हणणं, नाइलाजाने, अर्धं मान्य. घरगुती पीसीला मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत पॅच फुकट मिळतात. पण ही सोय धंद्याच्या पीसीसाठी नाही. कंपन्यांना त्याच पॅचसाठी पहिल्या वर्षी पीसीमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे एका पीसीला ४२७ डॉलर! दुसऱ्या वर्षी उगवलात तर पहिल्याचेही पैसे भरायचे.

आता ती की. ७९९ला मिळते ती बहुधा एखाद्या कंपनीच्या व्हॉल्यूम करारातून (अनेक पीसींसाठी घेतलेल्या घाऊक लायसन्समधून) फुटलेली असते, नाहीतर की म्हणून एक छोटी फाइल येते, जी पीसीला कुठल्यातरी भलत्याच केएमएस सर्व्हरशी (कंपन्या आपले पीसी अ‍ॅक्टिव्हेट करायला ठेवतात तसल्या) जोडते. तसलं अ‍ॅक्टिव्हेशन मुळात १८० दिवसांचं असतं, ते पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. हेच ते आजन्म. आणि स्क्रीनवर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसलं म्हणजे लायसन्स तुमच्या नावावर झालं असं नाही. दुसऱ्याच्या घराची डुप्लिकेट चावी कुलपात फिरली, एवढंच. कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ६३बी जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला लागतं: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. वापरणाऱ्याला, मामा! विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला असेल. राहिलं ‘सपोर्टसकट’. मायक्रोसॉफ्टने बंद केलेला सपोर्ट हा माणूस कुठून आणणार?

मामाच्या चारपैकी दोन पीसी आठव्या पिढीनंतरच्या प्रोसेसरचे आहेत, टीपीएम २.० ही विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची चिप आहे, त्यांच्यावर विंडोज ११ फुकट चढतं. तिसरा फक्त व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवतो. त्याची नेटची वायर काढली की भागतं. चौथा बिलिंगचा, म्हातारा. तो बदलायलाच हवा.

हे सगळं ऐकून घेतल्यावर फोन ठेवता ठेवता मामा म्हणाला, “एक की काल टाकून बघितली गं. आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणत होती.”

नेमक्या बिलिंगच्या पीसीवर. त्याची स्वतःची खरी की मदरबोर्डमध्ये आहे, त्यामुळे विंडोज नव्याने टाकलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल. नवा पीसी येईपर्यंत चालेल. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन भोसरीला जातेय. तोवर तो बंद ठेव म्हटलं, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या पीसीवरून बदल.