घोळ वेगामुळे होत नाही, मध्येच थांबल्यावर होतो: प्रोग्रेसिव्ह प्रेसवरच्या कमेंटला उत्तर

सगळ्यात आधी, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. नुसतं "चुकीची माहिती देताय" म्हणून निघून जाणारे बरेच असतात, तुम्ही निदान मुद्दे तरी मांडलेत, त्यामुळे उत्तरही जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांनी ती कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विषय रिलोडिंगचा, म्हणजे वापरलेल्या केस (काडतुसाचं रिकामं आवरण) पुन्हा भरून घरीच राउंड, म्हणजे काडतुसं, तयार करण्याचा. मी लिहिलं होतं की पिस्तुलाचे राउंड भरपूर लागत असतील तर नवशिक्याने थेट प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यायला हरकत नाही, म्हणजे ज्यात हँडलच्या एका फेरीत वेगवेगळ्या स्टेशनवरच्या केसवर एकदम काम होतं तो प्रेस. त्यावर यांचं म्हणणं असं की हा सल्ला बेजबाबदार आहे, आधी सिंगल स्टेजवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर) दोनेक वर्षं हात बसला पाहिजे, शेलप्लेट (केस धरणारी गोल तबकडी) हाताने फिरवायची मशीनं आता जुनाट झाली, प्लेट आपोआप फिरवणारी ऑटो इंडेक्सच सुरक्षित, प्रोग्रेसिव्हवर राउंडची लांबी एकसारखी कधी येतच नाही, आणि रिलोडिंगने पैसे वाचतात ही तर शुद्ध थाप.

शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे, त्याकडे नंतर येतो. बाकीच्यांवर मात्र भांडणार.

सिंगल स्टेजचा एक मोठा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. त्यावर तुम्ही बॅचमध्ये काम करता, म्हणजे आधी सगळ्या केस साइज करून (दाबून मूळ मापावर आणून) घ्यायच्या, मग प्रायमर (केसच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी), मग पन्नास केस लोडिंग ब्लॉकमध्ये उभ्या करून पावडर भरायची, आणि बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येक केसमध्ये डोकावायचं. हे जे डोकावणं आहे ना, सगळी सुरक्षितता त्यात आहे, प्रेसमध्ये नाही. ब्लॉक वापरूनही तीच केस दोनदा उचलून डबल चार्ज, म्हणजे दुप्पट पावडर, टाकता येतोच, आणि टॉर्च न मारता पुढे गेलात तर सिंगल स्टेज तुम्हाला वाचवायला येत नाही. म्हणून "दोन वर्षं सिंगल स्टेज" हा नियम मला पटत नाही. दोन वर्षं न डोकावता काम करणारा माणूस दोन वर्षांनी प्रोग्रेसिव्हवरही न डोकावताच काम करणार.

आणि मी नवशिक्याला थेट हँडल मारत सुटायला सांगितलेलं नाही, तेवढा भाग तुमच्या नजरेतून सुटला बहुतेक. मी लिहिलं होतं की सुरुवातीला प्लेटवर एका वेळी एकच केस ठेवा. एकच केस पहिल्या स्टेशनपासून शेवटपर्यंत न्यायची, प्रत्येक स्टेशननंतर बाहेर काढून बघायची, पावडर काट्यावर मोजायची, तयार राउंड केस गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) टाकून बघायचा. म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रेस सिंगल स्टेजसारखाच वापरायचा, फक्त डाय (प्रत्येक कामाचा प्रेसमध्ये बसवायचा साचा) बदलत बसायची कटकट नाही. कुठल्या स्टेशनवर हाताला किती जोर लागतो, प्रायमर बसताना कसं जाणवतं, हे सगळं असंच कळतं. पाच केस एकदम फिरत असताना ते वेगळं ओळखता येत नाही, कारण हँडलला लागणारा जोर पाचही स्टेशनचा मिळून असतो, आणि नवीन माणसाला काहीतरी अडल्यासारखं वाटलं तरी तो जोर लावून पुढे ढकलतो.

आता मुख्य गोष्ट. प्रोग्रेसिव्ह प्रेस सुरळीत चालू असतो तेव्हा चुका फारशा होत नाहीत. हँडल खाली, हँडल वर, प्लेट एक घर पुढे, एक राउंड बाहेर, आणि प्रत्येक केस प्रत्येक स्टेशनवर एकदाच जाते. घोळ होतो तो थांबल्यावर. मिलिटरी ब्रास असेल तर प्रायमर पॉकेटला (प्रायमर बसतो त्या खाचेला) क्रिम्प, म्हणजे आवळलेली कड, असतो, तो आधी काढला नाही की नवीन प्रायमर आत जातच नाही. .४५ मध्ये तर लार्ज आणि स्मॉल अशा दोन्ही प्रायमरच्या केस मिळतात, त्या एकत्र झाल्या की हँडल मधेच अडकतं. मग तुम्ही अर्धवट हँडल मागे घेता, अडकलेली केस काढता, पुन्हा दाबता, आणि तेवढ्यात पावडर स्टेशनवरच्या केसमध्ये काय झालंय हे तुमच्या डोक्यातून गेलेलं असतं. फोन वाजला, कोणी हाक मारली, प्रायमर संपले, सगळ्याचा परिणाम हाच.

म्हणून माझा नियम असा आहे, आणि यात मी तडजोड करत नाही: काहीही अडलं की पावडर स्टेशनवरची केस काढायची, त्यातली पावडर परत ओतायची आणि ती केस बाजूला ठेवायची. पुढच्या स्टेशनवर बुलेट न बसलेली केस असेल तर तिच्यात डोकावून बघायचं, जराशी जरी शंका आली तर तीही बाहेर. "बहुतेक पावडर पडली असणार" हे वाक्य मनात आलं की समजायचं, केस काढायची वेळ झाली.

कारण दोन्ही बाजूंनी धोका आहे. पावडर पडलीच नाही तर स्क्विब, म्हणजे नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये घुसते आणि तिथेच अडकून बसते. आवाज हलका येतो, झटका लागत नाही, आणि ते लक्षात न घेता पुढचा राउंड मारला तर बॅरल फुगतं किंवा फाटतं. दोनदा पडली तर डबल चार्ज, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पिस्तुलाच्या झटपट जळणाऱ्या पावडरींचा चार्ज एवढा छोटा असतो की अर्धी केससुद्धा भरत नाही, त्यामुळे दुप्पट पावडरही आत आरामात मावते आणि वरून काही कळत नाही. म्हणून मी नवीन माणसाला नेहमी सांगतो की मॅन्युअलमधल्या पावडरींपैकी जास्त जागा व्यापणारी निवडा, जिचा दुप्पट चार्ज केसमधून बाहेर सांडेल. मग चूक झाली तर ती टेबलावर दिसते. हे प्रेसच्या ब्रँडपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, पण यावर कोणी वाद घालत नाही, सगळे वाद निळा प्रेस की लाल प्रेस यावर.

आता निळ्याकडे, म्हणजे डिलनकडे येऊ. डिलन ५५० वर तुमचा राग आहे. त्याला चार स्टेशन, आणि प्लेट हाताने फिरवायची. पहिल्या स्टेशनवर साइजिंग होतं, जुना प्रायमर निघतो आणि हँडल पुढे ढकलून नवीन बसतो, दुसऱ्यावर पावडर, तिसऱ्यावर बुलेट, चौथ्यावर क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळणं. तुमचं म्हणणं बरोबर आहे की प्लेट फिरवायची विसरलात आणि पुन्हा हँडल मारलं तर त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर पडते, आणि दोन घरं फिरवली तर केस पावडरशिवायच पुढे जाते. हे दोन्ही मान्य. पण अडल्यावर मला तोच बरा वाटतो, कारण प्लेट मी फिरवल्याशिवाय हलत नाही, जे जिथे होतं ते तिथेच असतं, शांतपणे बघून ठरवता येतं. ऑटो इंडेक्सवर अडथळा काढण्याच्या नादात प्लेट स्वतःहून पुढे सरकते, अर्धीच फिरून अडकू शकते, आणि कुठली केस कुठल्या अवस्थेत होती हे शोधायची वेळ येते. म्हणजे एक मशीन तुम्ही विसरलात तर दगा देतं आणि दुसरं अडलं तर. "ऑटो म्हणजे सुरक्षित" इतकं सोपं नाही ते.

ऑटो इंडेक्सवाल्या मशीनचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो तुम्ही लिहिलाच नाही, म्हणून तुमच्या वतीने मीच लिहितो: पाचवं स्टेशन. डिलन ७५० किंवा हॉर्नडी लॉक-एन-लोड एपी यांना पाच स्टेशन असतात, त्यामुळे पावडर आणि बुलेट यांच्या मधे पावडर चेक (केसमधली पावडरची पातळी तपासणारा भाग) बसवता येतो. डिलनचा पावडर चेक पातळी कमी-जास्त दिसली की बझर वाजवतो, आरसीबीएसचा लॉकआउट डाय तर प्रेसच अडवतो. मला लॉकआउट जास्त आवडतो, कारण बझरकडे माणूस दुर्लक्ष करू शकतो, अडलेल्या हँडलकडे नाही. मात्र हे दोन्ही चार्ज दुप्पट झाला किंवा पडलाच नाही हे पकडायला आहेत, दशांश ग्रेनचा (ग्रेन हे पावडरच्या वजनाचं एकक) फरक त्यांना कळत नाही, त्यासाठी मधूनमधून चार्ज काट्यावर ठेवणं आलंच. आणि तो काटाही चेक वेटने (नेमक्या वजनाच्या मापाने) तपासलेला हवा.

बुलेट फीडर (बुलेट आपोआप केसवर ठेवणारा भाग) लावून पाचवं स्टेशन खाऊन टाकणाऱ्यांना मी काय म्हणू? वेग मिळतो, हो. मी नसता लावला.

लांबीचा मुद्दा. तुम्ही म्हणता प्रोग्रेसिव्हवर लांबी इकडेतिकडे होते, आणि होते खरी, पण त्यामागे कारणं आहेत. एक म्हणजे बरेच जण सीटिंग डाय (बुलेट बसवणारा) एकच केस प्लेटवर ठेवून सेट करतात. नंतर प्लेट पूर्ण भरली की साइजिंग डायचा दाब एका बाजूने येतो, प्लेट किंचित कलते, आणि बुलेट आधीइतकी खोल बसत नाही. त्यामुळे शेवटचं सेटिंग सगळ्या स्टेशनवर केस असतानाच करायचं, आणि मोजताना सुरुवातीचे आणि शेवटचे काही राउंड वेगळे धरायचे, कारण तेव्हा प्लेट अर्धी रिकामी असते. दुसरं म्हणजे सीटिंग स्टेम बुलेटच्या टोकाला टेकत नाही, थोडं खाली गोलाईवर टेकतो, आणि आपण कॅलिपरने मोजतो ते टोकापासून, तेव्हा बुलेटच्या टोकातला फरक आपण प्रेसच्या माथी मारतो. ९ एमएमला सामीची (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) कमाल लांबी १.१६९ इंच आहे, पण तुमच्या बॅरलमध्ये काय बसतं हे बुलेटच्या आकारावर ठरतं, म्हणून बॅरल काढून त्यात राउंड टाकून बघायचा, टपकन आत पडला पाहिजे आणि उलटं केल्यावर सहज बाहेर आला पाहिजे. मला जास्त काळजी वाटते ती उलट्या बाजूची, म्हणजे क्रिम्प आणि केसची पकड ढिली असली आणि फीड होताना बुलेट आत ढकलली गेली तर ९ एमएमसारख्या छोट्या केसमध्ये प्रेशर झटकन वाढतं. तयार राउंड टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून बघा, बुलेट हलली तर डाय पुन्हा बघायला हवा.

लांब पल्ल्याच्या रायफलसाठी मात्र मी कधीच प्रोग्रेसिव्ह सुचवलेला नाही. तिथे प्रत्येक चार्ज वेगळा मोजायचा असतो, काडीसारखी पावडर मेजरमधून नीट पडत नाही, केसला ल्यूब लावायचं, नंतर पुसायचं, मान ट्रिम करायची, इतकं सगळं आहे की वेग असून उपयोग काय.

प्रायमरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत याचं आश्चर्य वाटलं, कारण प्रोग्रेसिव्ह विरुद्धचा सगळ्यात चांगला मुद्दा तोच होता. शंभर प्रायमर एका नळीत एकावर एक रचलेले असतात, एक उडाला तर बाकीचे त्याच्यामागोमाग जाऊ शकतात. म्हणून नळीभोवती धातूचं कवच असतं, ते काढायचं नाही, चष्म्याशिवाय बसायचं नाही, आणि आडवा किंवा उलटा गेलेला प्रायमर जोर लावून कधीच बसवायचा नाही. बसलेल्या प्रत्येक प्रायमरवरून बोट फिरवायचं, केसच्या बुडाच्या वर आलेला चालत नाही.

आता पैसे. वाचत नाहीत. एका राउंडचा खर्च कमी होतो हे खरं, पण माणूस तेवढेच पैसे घालवून जास्त नेम मारतो, आणि कॅलिबर बदलायचं म्हटलं की नवी शेलप्लेट, लोकेटर पिन, पावडर फनेल, डाय, वेगळा टूलहेड अशी रांग लागते. मी "पैसे वाचतात" असं लिहिलेलंच नाही, मी "एका राउंडमागे स्वस्त पडतं" असं लिहिलं होतं. चार-पाच कॅलिबर थोडे थोडे भरणाऱ्याने टरेट प्रेस घ्यावा, ली क्लासिक टरेट त्यासाठी मस्त आहे, चारही डाय एका डिस्कवर, अख्खी डिस्क बदलली की झालं. एकच कॅलिबर ढीगभर लागत असेल तरच प्रोग्रेसिव्ह.

ज्यांना ही चर्चा वाचून उत्साह आलाय त्यांनी आधी आपल्या इथला कायदा बघा, बऱ्याच देशांत घरी राउंड भरायला परवाना लागतो किंवा मनाईच आहे. चार्जचे आकडे कमेंटमध्ये विचारू नका, मी देणार नाही, पावडर कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि सुरुवातीच्या चार्जपासून वर जा. टेबलावर एका वेळी एकच पावडर, मूळ डब्यातच, आणि काम संपलं की हॉपर (प्रेसवरची पावडरची टाकी) रिकामा. उठल्यावर हात साबणाने, जुन्या प्रायमरच्या धुळीत शिसं असतं.

तुम्ही कुठला प्रेस वापरता ते लिहिलं नाहीत. लांबीत फरक येतोय म्हणालात, तर कृपया एवढं सांगा: सीटिंग आणि क्रिम्प एकाच डायमध्ये करताय की वेगवेगळ्या? एकाच डायमध्ये असेल तर बुलेट आत जात असतानाच क्रिम्प तिला पकडायला लागतो, आणि मग केसच्या लांबीतला फरकही राउंडच्या लांबीत उतरू शकतो. वेगवेगळ्या असतील तर प्लेटचा मधला बोल्ट ढिला झालाय का ते बघा, आणि दहा राउंडची मापं इथे टाका.