‘मग बाकीचे नऊ का बिघडले नाहीत?’

भाऊ, जुनी संगत सुटलेली दारू परत लावते, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही लिहिलंत: ‘मळ्यात भरीत पार्टीला दहा जण बसतात, दहाही पितात, व्यसन एकालाच लागतं. तुम्ही संगतीच्या नावाने बोटं मोडता आणि त्या एकाला मोकळं सोडता.’

आक्षेप रास्त आहे. दारूच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरतात, म्हणजे त्या एकाचं शरीर वेगळं असू शकतं. पण माझं म्हणणं सुटलेली दारू परत का लागते याबद्दल होतं, आणि तिथे संगत फार जड पडते.

अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामच्या युद्धातून १९७१ साली परतलेले अमेरिकी सैनिक अभ्यासले. तिथे सुमारे २० टक्के जण हेरॉइनच्या आहारी गेले होते. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्क्यांचं व्यसन परतलं. ती छावणी, ते सोबती मागेच राहिले होते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस पुण्या-नाशकाला उपचार घेतो आणि भुसावळच्या त्याच गल्लीत, त्याच ओट्यावर येऊन बसतो. मेंदूने वेळ, वास, माणसं नशेला बांधून ठेवलेली असतात. दिवेलागणीला जुना दोस्त दिसला, की घोट न घेताही तलफ उठते.

म्हणून नुसतं ‘संगत सोड’ म्हणून भागत नाही. संध्याकाळचे ६ ते ९ कोणासोबत जाणार, हे तो घरी येण्याआधी ठरलेलं हवं: भावासोबत मळ्यावर पाणी द्यायला, नाहीतर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, सभेला. मजुरी हातात पडते त्या दिवशी तर सोबत हवीच. घरचे त्याला खोलीत कोंडतात, फोन काढून घेतात, ते मला चूक वाटतं. एकटेपणाही पुन्हा बाटलीकडेच नेतो.

याहून घातक चूक म्हणजे भाजीत गुपचूप डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायला देतात ती, गोळी कालवणं. वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणंही तसंच. ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. कुठे जावं कळत नसेल, तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

त्या एकाची जबाबदारी मी काढून घेत नाही. गोळी त्यानेच घ्यायची, सभेला त्यानेच जायचं. पण तुमच्या हिशेबातले नऊ जण मोकळे कसे? त्याला टाळू नका, नाहीतर तो गुत्त्यावरची माणसं शोधेल. यंदा वांगी दुपारीच भाजा, कळण्याची भाकरी करा, बाटली मळ्यात आणूच नका, आणि त्याला पहिला निरोप धाडा.